सुभेदारांच्या काचघराची गळती

१

फोटोतल्या माणसाचा फेटा तेवढा शिल्लक होता. त्याखाली तोंडाच्या जागी तपकिरी डाग पसरला होता आणि डागाच्या कडेला एक कान दिसत होता.

"आमचं वडील," सुभेदार लालासाहेब म्हणाले. "गेल्या नागपंचमीला पाण्यानं गेलं. चौऱ्याऐंशी सालात वारलं तवापास्नं ह्यो एकच फोटू हुता. सांगलीच्या स्टुडिओत काढल्याला."

कुणी मोबाइलवर त्याची प्रत काढून ठेवली असेल म्हणून त्यांनी घरभर शोध घेतला होता. एक सापडलीही, पण तिच्यात फ्रेमच्या काचेवर फोटो काढणाऱ्याचंच तोंड उमटलं होतं.

हे सगळं मला आधीच ठाऊक होतं. गेल्या वर्षी मी याच खोलीत, याच फोटोसमोर बसून एक वाक्य बोललो होतो. बोलायला दोन सेकंद लागली असतील. त्याची भरपाई अजून चालू आहे.

मी कृष्णात. माधवनगरला माझं काच-अ‍ॅल्युमिनियमचं दुकान आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांच्या छपरांच्या काचा बसवत मी हे काम शिकलो, आणि आता कुणाचं छप्पर गळलं की लोक मला बोलावतात. पोलिसाला चोर सापडला नाही तरी पगार चुकत नाही. मला गळती सापडली नाही तर दुसरा चहासुद्धा मिळत नाही. पण चाळीस वर्षांत ती वेळ फारशी आली नव्हती आणि तिथंच माझं डोकं फिरलं होतं.

सुभेदार नोकरीत असताना आसामात एका साहेबाच्या बंगल्यावर काचेची खोली बघून आले होते. निवृत्तीनंतर कुंडलला घर बांधलं तेव्हा मागच्या अंगणावर त्यांनी तसंच काचेचं छप्पर घालून घेतलं. काचा अ‍ॅल्युमिनियमच्या आठ पट्ट्यांवर बसवलेल्या; वरचं टोक घराच्या भिंतीला, तिथून उतार, आणि खालचं टोक समोरच्या सात फुटी भिंतीवर. आत ऑर्किडच्या कुंड्या, वेताच्या दोन खुर्च्या आणि त्या समोरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो. गावानं त्याला काचघर म्हणायला सुरुवात केली.

छप्पर बसवलं धुळानं. धुळा आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. माझ्या हाताखाली बारा वर्षं काढून त्यानं स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली होती आणि हे काचघर त्याचं पहिलं मोठं काम होतं. पहिल्याच पावसाळ्यात ते गळलं, फोटो गेला आणि सुभेदारांनी मला बोलावलं.

माझा गुडघा दुखत होता. मी खुर्चीत बसल्या बसल्या वर बघितलं, चहा घेतला आणि म्हणालो, "सांध्याचं सिलिकॉन धरल्यालं न्हाई. कच्चं काम हाय."

सुभेदारांचा मोबाइल चालू होता. 'बघा धुळा मिस्त्रीचा कारभार, आणि हे बोलतायत खुद्द त्याचे उस्ताद' असं लिहून त्यांनी तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो पलूसला गेला, कडेगावला गेला. महिन्याभरात धुळाची ठरलेली चार कामं मोडली. दिवाळीच्या आधी तो माझ्या दुकानात आला. ड्रिल मशीन, सिलिकॉनची बंदूक, पाने, सगळं एका पिशवीत घालून त्यानं टेबलावर ठेवलं.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडं, उस्ताद," तो म्हणाला. दारातून जाताना वळला. "तुमी वाकून बघाय पायजे हुतं."

मला वाटलं, फुगलाय. चार दिवसांनी येईल. तो आला नाही.

यंदा सुभेदारांनी मला बोलावलं ते काचा उतरवून न्यायला. "पलूसच्या दिग्विजयनं दोनदा सिलिकॉन बदललं," ते म्हणाले. "पैलं दिवाळीत, दुसरं पंधरा दिसांखाली. तरी गळतंय. उद्या सकाळी नऊला पत्रं येत्यात. काच नगं आन कटकट नगं."

सिलिकॉन दोनदा बदलूनही गळती तिथंच असेल, तर ती सिलिकॉनमध्ये नव्हतीच. मग मी गेल्या वर्षी बोललो ते काय होतं? आणि उद्या नऊला छप्पर उतरलं की ते कुणालाच कधी कळणार नव्हतं. धुळाच्या नावाला लागलेला डाग तसाच राहणार होता.

घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते.

२

गळतीबद्दल घरच्या पुरुषाला विचारू नये. त्याला फक्त राग माहीत असतो. पाणी पुसणाऱ्या बाईला विचारावं. मी स्वयंपाकघरात सुभेदारांच्या पत्नीकडे, मंगलवहिनींकडे गेलो.

"वैनी, पाऊस लागल्या लागल्या गळतं का?"

"न्हाई वो! मी आधी पळत जायची बादली ठेवाय, तर समदं कोरडं. आता भांडी घासाय बसते. निम्मी भांडी झाली की ठिबक सुरू. आन पाऊस उघडला तरी आर्धा तास ठिबकतंय."

"सगळीकडं?"

"फोटूच्या अंगाच्या तीन पट्ट्यांखालीच. बाकीच्या पाचांखाली थेंब न्हाई."

"आन मे म्हैन्यात वळीव झाला तवा?"

त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "त्येचंच तर नवाल हाय. तसला वळीव मी जन्मात बघितला न्हवता, आडवा पाऊस. पर एक थेंब आत न्हाई! ह्यांनी दिग्विजयला फोन करून शाबासकी दिली. आन मृग लागून आठ दिस झालं न्हाईत तवर परत सुरू."

मी तीन गोष्टी मनाशी बांधल्या. सांधा फुटला असेल तर पाणी लगेच आत येतं, निम्मी भांडी घासून व्हायची वाट बघत नाही. आठ पट्ट्यांतल्या नेमक्या तीनच गळतात. आणि आडव्या वळवात कोरडं राहिलेलं छप्पर मृगाच्या भुरभुरीत गळतं. छपराला महिने कळत नाहीत. माणसाला कळतात.

मग मी दिग्विजयला फोन लावला. धुळा गेल्यावर या भागातली सगळी कामं त्यालाच मिळाली होती, त्यामुळे माझा पहिला संशय त्याच्यावर होता.

"काका, त्या घरात मी दोनदा तोंडावर पडलोय," तो कळवळून म्हणाला. "मी कशाला काय करू? उलट धुळाचं सिलिकॉन काढताना माझी दोन ब्लेडं मोडली. निघंना."

"मोडली? म्हंजी काम पक्कं हुतं?"

"लय पक्कं."

"मग हे तवाच का सांगितलं न्हाईस?"

"तुमी कच्चं म्हनला हुता. तुमच्या म्होरं मी काय बोलायचं?"

मी फोन ठेवला. गुडघा तसाच दुखत होता, पण मी मंगलवहिनींकडे शिडी मागितली.

३

आधी मी बाहेरच्या अंगाला गेलो. फोटो ज्या भिंतीवर होता तिच्या पलीकडे परसात धुण्याचा दगडी कट्टा आहे. कट्ट्यावर सुभेदारांच्या आई, मनुबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, उंची कशीबशी पावणेपाच फूट.

"कृष्णात का रं? धुळाची काय खबर?"

"काय न्हाई, आत्या."

"गुणाचं पोरगं. म्हैनाभर हिथं काम करत हुतं, रोज माझ्या हातची भाकरी खाल्ली. त्येच्या कामात खोट न्हाई बग." त्यांनी हे अशा ठामपणे सांगितलं की मला मान वर करवेना.

मान वर केली तेव्हा मला भिंत दिसली. पांढऱ्या भिंतीवर, वरच्या पट्ट्यांच्या टोकांखाली, तांबूस ओघळ होते. तीन.

"गंज हाय त्यो," मागून सुभेदार म्हणाले.

"सुभेदार, अ‍ॅल्युमिनियम गंजत न्हाई. आन स्क्रू स्टीलचं हायत."

इथं थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. काचेचं छप्पर कितीही घट्ट केलं तरी रबराच्या कडेनं थोडं पाणी आत शिरतंच. म्हणून काच ज्या पट्टीवर बसते तिच्या पोटात एक नाळ असते. शिरलेलं पाणी त्या नाळेतून उतारानं खाली जातं आणि पट्टीच्या टोकाला, खालच्या बाजूला, एक बारीक भोक असतं तिथून बाहेर पडतं. भोक भिंतीच्या बाहेर असतं. माणूस वाकून टोकाखाली बघेल तरच ते दिसतं. धुळाला हे मीच शिकवलं होतं. पाण्याला अडवू नको, वाट दे, असं मी त्याला शंभर वेळा सांगितलं असेल.

मी शिडीवर चढून पलीकडच्या टोकाच्या पट्टीवर पाण्याची नळी धरली. मिनिटभरात खालच्या भोकातून पाण्याची बारीक धार लागली. दुसरी पट्टी, तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या तशाच. सहाव्या पट्टीवर नळी धरली. बाहेर काहीच नाही. पाच मिनिटं गेली आणि आतून मंगलवहिनी ओरडल्या, "आलं वो! ठिबकाय लागलं!"

मी खाली उतरलो, कट्ट्यावर चढलो आणि वर्षभरानं एकदाचं वाकून बघितलं. भोक बुजलेलं होतं. सातवीचंही, आठवीचंही.

खिशातली तार काढून मी सहाव्या भोकात घातली. हरभऱ्याएवढी मऊ, तांबूस गोळी माझ्या तळहातावर पडली आणि तिच्या मागोमाग नाळेत साठलेलं पाणी धो धो माझ्या सदऱ्यावर आलं. मी गोळीचा वास घेतला. जुनं खोबरेल आणि देवघरातला कसला तरी ओळखीचा वास.

सुभेदारांनी ती बोटानं दाबून बघितली. त्यांचा चेहरा उतरला.

"मेण हाय," ते म्हणाले. "कुंकवाचं मेण."

४

टिकल्यांची पाकिटं यायच्या आधी आमच्याकडच्या बायका कपाळाला आधी मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू. कुंकवाचं बोट पुन्हा मेणाच्या डबीत जायचं आणि डबीतलं मेण हळूहळू तांबूस होत जायचं. आता कोण लावतं?

"आमच्यात कोन न्हाई," सुभेदार म्हणाले. "मंगल टिकली लावती. आईचं कुंकू जाऊन चाळीस वर्सं झाली." आणि मग त्यांची नजर परसाच्या कुंपणाकडे गेली. "रंगुबाई!"

शेजारच्या रंगुबाईंच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू असतं, मेणावर बसवलेलं. छपराचं पाणी त्यांच्या हद्दीत पडतं म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यांचं आणि सुभेदारांचं कडाक्याचं वाजलंही होतं. भोकं बुजली की पाणी पडायचं बंद. सुभेदार तरातरा निघाले. मी त्यांना दंडाला धरून थांबवलं. एकदा घाईनं बोलून एका माणसाचं वाटोळं केलं होतं, ते मला पुरेसं होतं. मी एकटाच गेलो.

रंगुबाईंनी आधी माझी हजेरी घेतली. "आवं, मृगात मी हिथं हुते कुठं? लेकीचं बाळंतपन, कडेगावला. मृगाच्या आदी गेले ती परवाच्या दिशी आले. इचारा साऱ्या गल्लीला."

गल्लीला विचारायची गरज नव्हती. ओसरीवर नातवंडाची दुपटी वाळत होती आणि लेक आत झोपली होती.

"आन मेणाचं म्हनता," त्या पुढं म्हणाल्या, "तर माझीच पंचाईत हाय. गेल्या दिवाळीला माझं मेण सरत आलं. बाजारात आता तसलं मिळत न्हाई. मनुआत्यांच्याकडं जुनी डबी हाय, मला ठावं हुतं. त्यास्नी बिचाऱ्यास्नी काय उपेग? म्हनून मागाय गेले. तर म्हनल्या, लय न्हाई ऱ्हायलं गं, मला लागतंय."

मी परत सुभेदारांच्या परसाकडे वळलो.

ज्या कपाळावर चाळीस वर्षं कुंकू नाही, त्या बाईला मेण लागतं कशाला?

५

दुपार झाली होती. सुभेदार पत्र्याच्या दुकानदाराशी फोनवर बोलत होते. मनुबाई अजून कट्ट्यावरच होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"आत्या, जरा हुभं ऱ्हावा. आन हात वर करा बगू."

त्या उठल्या आणि हात वर केला. कट्ट्यावर उभं राहिलं की त्यांचं बोट बरोबर आठव्या पट्टीच्या टोकाला लागत होतं. दोन पावलं सरकल्यावर सातव्याला, मग सहाव्याला. तिथं कट्टा संपत होता. पाचव्या पट्टीखाली नुसती जमीन होती. म्हणून तीनच.

"वळवात गळलं न्हाई," मी म्हणालो. "कारण एप्रिलच्या उन्हानं पट्टी तापली, मेण वितळून भिंतीवर ओघळलं आन भोकं उघडी झाली. मग मृग लागला. तुमी परत बसवलं."

मला वाटलं होतं त्या नाकबूल करतील. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि अगदी साधेपणानं सांगितलं.

"व्हय, म्याच. गेल्या आखाडात हिथं बसले हुते, तर त्या भोकांतनं पानी पडाय लागलं. म्हनलं, गळतंय की धुळाचं काम! लालाला दिसलं तर पोराला फाडून खाईल. लालाचा राग तुला ठावं हाय. धुळा मला म्हनला हुता, आये, ह्या कामावर माझं नाव हाय. मग घरात काय हुतं, तर डबीतलं मेण. त्ये लावलं. तरीबी ते मेलं आतनं गळालंच. मग आनी दाबून बसवलं. औंदा परत पानी पडाय लागलं, तर म्हनलं पोराच्या नावाला आनी डाग नगं."

"धुळाला सांगितलं न्हाई?"

"त्येला कशाला? त्येच्या जिवाला घोर."

काय सांगायचं ते मला माहीत होतं, कसं सांगायचं ते नाही. चाळीस वर्षांत मी शेकडो लोकांना त्यांची गळती दाखवली असेल. इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"आत्या, ती भोकं धुळानंच पाडली हुती. मुद्दाम. पान्याला भाईर जायाची वाट म्हनून."

त्यांचा लसणीवरचा हात थांबला. "म्हंजी पानी भाईर पडत हुतं त्ये..."

"बरोबर पडत हुतं."

"आन म्या बुजवल्यावर?"

"आत गेलं."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीच्या त्या अंगाला फोटो होता. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "त्यांच्या नावाचं मेण, आन त्यांचंच तोंड पुसलं म्या."

मी गडबडीनं म्हणालो, "आत्या, ऐका. कुनाला काय कळायची गरज न्हाई. बारकी मधमाशी असल्या भोकांत तांबूस मेण भरती. मी सुभेदारांना सांगतो, ते कुंकवाचं न्हवं, माशीचं मेण हाय. धुळाचं नाव मोकळं हुतंय, तुमचं नाव येत न्हाई."

त्यांनी मान हलवली. "मग लोकं म्हनतील, धुळानं भोकाला जाळी लावाय पायजे हुती. परत त्येच्यावरच."

हे खरं होतं. मी सुद्धा तसंच म्हणालो असतो.

"लालाला बोलीव," त्या म्हणाल्या. "आन त्येला म्हनावं, मोबाइल घिऊन ये."

६

वेताच्या खुर्चीत, फोटोच्या खाली, मनुबाई पदर नीट करून बसल्या. आईनं सगळं सांगितलं तेव्हा सुभेदार उभे होते. सांगून झालं तरी ते तसेच उभे राहिले.

"आई, मला का सांगितलं न्हाईस?"

"तुला भेत हुते, लाला. तू लहान हुतास तवा तुझ्या बापाला भ्यायची. आता तुला." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "तू नुसतं इचारलं असतंस, आई, हिथं कुनी काय केलं का, तर म्या सांगितलं असतं. तू वरडतच आलास."

सुभेदारांनी मोबाइल चालू करून मंगलवहिनींकडे दिला. वहिनींनी तो वर धरला.

"मी मनुबाई," म्हातारी मोबाइलकडे बघत म्हणाली. "धुळाचं काम पक्कं हाय. त्येनं पान्याला वाट ठेवली हुती, ती म्या मेण घालून बुजवली. मला कळलं न्हाई. नाव घ्यायचं तर माझं घ्या." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आता तू बोल."

मी तयार नव्हतो. पण ज्या मोबाइलनं माझं खोटं गावभर नेलं होतं तो समोर होता.

"मी कृष्णात, माधवनगरचा. गेल्या वर्षी मी खुर्चीत बसून, वर न चढता, खाली न वाकता बोललो. धुळाचं काम मी बघितलंच न्हवतं."

सुभेदारांनी तो व्हिडिओ त्याच ग्रुपवर टाकला. मग पत्र्याच्या दुकानदाराला फोन करून, नको म्हणून सांगितलं. तोवर मी उरलेली दोन भोकं तारेनं मोकळी केली. संध्याकाळी चांगली सर आली. आम्ही चौघं काचघरात बसलो, निम्मी भांडी घासून होतील एवढा वेळ, आणि मग आणखी तेवढाच. एक थेंब आत आला नाही. कुणालाच आनंद झाला नाही. मंगलवहिनींनी चहा केला, तो बराच वेळ तसाच राहिला.

७

दुसऱ्या दिवशी धुळाची पिशवी स्कूटरला अडकवून मी आटपाडीकडे निघालो. विट्याच्या पुढं गेलं की पाऊस मागं राहतो. आभाळ तेच, पण नुसतं वाहणारं. धुळा गावाबाहेरच्या माळावर भावाची मेंढरं राखत होता. वाळला होता. मला बघून त्यानं काठी बगलेत धरून नमस्कार केला.

"व्हिडिओ बघितलास?"

"बघितला."

"चूक झाली माझी, धुळा. मला काय कळलं न्हाई, म्हातारीनं..."

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

"काय ठावं हुतं?" मी विचारलं.

"फोटू भिजल्याल्या दुसऱ्या दिशी आलो तवाच वाकून बघितलं. तिन्ही भोकांत मेण. मेणावर बारक्या बोटाचा ठसा. त्या घरात तेवढं बारीक बोट आयेचंच हाय. उघडाय गेलो तर सुभेदारांनी गेटाच्या भाईर काढलं."

"मग बोलला का न्हाईस? निदान मला तरी?"

"सुभेदारांच्या म्होरं म्हातारीचं नाव घिऊ? तिनं माझ्यासाठी केलं हुतं." त्यानं एका मेंढीला काठीनं वळवलं. "आन तुमी येनार हुता त्याच दिशी. म्हनलं, उस्ताद हायत. उस्ताद वाकल्याबिगर ऱ्हात न्हाईत. त्यास्नी दिसंल, आन तिचं नाव न घेता काय तरी तोड काढतील. मी गेटाभाईर हुभा हुतो, उस्ताद. तुमी कवा भाईर येऊन वाकताय, म्हनून बगत हुतो."

त्या वेळी मी आत चहा पीत होतो.

"दुकानात येऊन सांगितलं तुमास्नी, वाकून बघाय पायजे हुतं म्हनून. त्याच्या फुडं काय सांगायचं मला सुचंना."

मी पिशवी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली, उघडली, ड्रिल मशीन बाहेर काढून धोतराच्या सोग्यानं पुसलं, हातात तोलून बघितलं आणि परत आत ठेवून पिशवी माझ्याकडे दिली.

"काम हाय, धुळा. काल रात्रीपासनं तीन जनांनी तुझा नंबर मागितला."

"दिग्विजयला द्या. भोकं ठेवाय शिकवा त्येला."

मेंढरं बरीच पुढं गेली होती. तो निघाला आणि चार पावलांवर थांबला.

"आता गळतंय का?"

"न्हाई."

"भोकं वर्सातनं एकदा तारंनं साफ करा म्हनावं." मग जरा वेळानं, "आयेला सांगा, दसऱ्याला येतो म्हनून. कामाला न्हाई. भाकरी खायाला."

"सांगतो," मी म्हणालो.

माझ्या दुकानावरून जाईन असं काही तो म्हणाला नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. पिशवी मी परत आणली. ती दुकानातल्या वरच्या फळीवर आहे.